कोयोटींसाठी रात्रीची दुर्बीण: थर्मल घ्यावी की नाइट व्हिजन?

एल्गिनचा_शेळीवाला | रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

टेक्सासात ऑस्टिनच्या पूर्वेला, एल्गिनच्या पुढे आम्ही चौदा एकर जागा घेतली. घेताना एजंट म्हणाला, चार शेळ्या ठेवा, शेतजमीन म्हणून कर लागेल, म्हणजे बराच कमी. चाराच्या बावीस झाल्या, सगळ्या बोअर जातीच्या. कर वाचवायला शेळ्या आणल्या आणि आता शेळ्या वाचवायला मी रात्रभर जागतोय.

गेल्या तीन आठवड्यांत पाच करडं गेली. गळ्याशी दातांच्या खुणा, दोन तर अर्धवट खाऊन टाकलेली. जाणत्या शेजाऱ्याने बघितल्याबरोबर सांगितलं, कोयोटी, म्हणजे इथला लहानसा लांडगाच. राखणीला एक ग्रेट पिरेनीज कुत्री आहे, नाव साखर. ती रात्रभर भुंकते, पण मागच्या बाजूला मेस्कीटची झुडपं आणि एक ओढा आहे. ती एका टोकाला असली की हे दुसऱ्या टोकाने येतात.

घरात पॉइंट टू टू थ्री बोल्ट ॲक्शन रायफल आहे, तिच्यावर साधी दिवसाची दुर्बीण. अंतर ६० ते २०० यार्ड. बजेट २००० डॉलर, बायकोने मंजूर केलेलं १५००.

दुकानदार म्हणतो थर्मल घ्या, दीड मैलावरचं जनावर दिसतं. यूट्यूबवाले म्हणतात डिजिटल नाइट व्हिजन चौथाई किमतीत मिळतं. थर्मलमध्येही २५६, ३८४, ६४० असे आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्याला किंमत दुप्पट होते. जाणकारांनी सल्ला द्यावा.

शिकार चांगली की वाईट हा वाद होणार हे माहीत आहे. जरूर घाला, पण मधूनमधून माझ्या प्रश्नाचं उत्तरही द्या.

उगाच_आपलं

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. २००० वजा १५०० हे आधी समजावून सांगा.

रानफूल

वाद घालायला परवानगी दिलीत त्याबद्दल आभार, घालतेच.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार जवळजवळ संपली. पन्नास वर्षांनी एक मराठी माणूस रात्री दिसणारी दुर्बीण लावून बंदूक रोखायला निघतो आणि बाकीचे त्याला पिक्सेल मोजून देणार. असो.

पण मुद्दा भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघांनी कोयोटींच्या संख्येचं गणित मांडलं होतं. दरवर्षी ७५ टक्के कोयोटी मारले तरी ते नामशेष व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील असं त्यातून निघालं. मारले की उरलेल्यांना खायला जास्त, पिल्लं जास्त जगतात आणि रिकाम्या हद्दीत शेजारचे शिरतात. तुम्ही एक माराल, दुसरा येईल, दुर्बिणीचे हप्ते चालू राहतील. आपले धनगर मेंढ्या वाघरात (जाळ्याच्या वाड्यात) कोंडतात आणि चार कुत्री बाहेर सोडतात. चौदा एकरांना एक साखर म्हणजे कुत्रीवर अन्याय आहे.

कुंपणावरचा

रानफूल यांना अनुमोदन. शेळीवाल्यांनाही अनुमोदन. (नाव सार्थ करतोय.)

डेंटनकर

दुर्बिणीआधी एक महत्त्वाचं. शेळीवाले, तुम्ही इथे कोणत्या व्हिसावर आहात? खासगी प्रश्न वाटला तर उत्तर देऊ नका, पण हा धागा वाचणारे निम्मे एच-वन-बीवर असतील म्हणून लिहितो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन, एल-वन, स्टुडंट अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही.

आता गंमत बघा. शेळ्यांवर हल्ला करणाऱ्या कोयोटीला मारायला टेक्सासला शिकार परवानाच लागत नाही. त्यामुळे लोक तो काढत नाहीत. पण एच-वनवाल्याने काढला नाही तर कोयोटी कायदेशीर मेला आणि मारणारा बेकायदेशीर ठरला. थोडक्या डॉलरांचा कागद आहे, काढून ठेवा.

दुसरं, आपली गोळी आपल्या कुंपणाबाहेर गेली आणि शेजाऱ्याची परवानगी नसेल तर तोही गुन्हा. चौदा एकर ऐकायला मोठे वाटतात. रायफलच्या गोळीला ते अंगण आहे.

एल्गिनचा_शेळीवाला

ग्रीन कार्ड आहे, धन्यवाद. एच-वनचं खरंच माहीत नव्हतं. ऑफिसातले दोघं माझ्याकडे नेम धरायला म्हणून आले होते, त्यांना आजच सांगतो.

रानफूल, दुसरी कुत्री शोधतोय. पण राखणीचं पिल्लू कामाला लागायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर करडांनी काय करायचं?

थंडगरम | सोमवार, सकाळी ८.०५

मी शिकारी नाही. पुण्यात विजेच्या पॅनेलांची आणि ट्रान्सफॉर्मरची थर्मल तपासणी करतो. कॅमेरा तोच, फक्त माझी सावजं पळत नाहीत.

आधी फरक. नाइट व्हिजनला प्रकाश लागतो. जुन्या पद्धतीच्या नळीत चांदण्याचा थोडा प्रकाश हजारो पटींनी वाढवून हिरवा किंवा पांढरा करून दाखवतात. डिजिटलमध्ये साधा कॅमेरा सेन्सर आणि सोबत इन्फ्रारेड टॉर्च. ८५० नॅनोमीटरची टॉर्च लांब पोचते, पण समोरून बघणाऱ्याला बारीक लाल ठिपका दिसतो. ९४० ची दिसत नाही, पण तिचा पल्ला कमी. थर्मलला प्रकाशाशी घेणंदेणंच नाही. ते ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता बघतं. अमावास्या असो की पौर्णिमा, सारखंच.

आता दुकानदाराचा दीड मैल. तो खोटं बोलत नाही, फक्त पुरतं सांगत नाही. १९५८ साली अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत जॉन्सन नावाच्या माणसाने एक मोजमाप बसवलं, अजून तेच चालतं. एखादी वस्तू पडद्यावर दोनेक पिक्सेल उंच असेल तर 'काहीतरी आहे' एवढं कळतं. आठेक झाले की 'चार पायांचं जनावर आहे' कळतं. 'कोयोटी आहे की कुत्रा' हे कळायला बारा-तेरा लागतात. दुकानातला आकडा पहिल्या पायरीचा, तोही उभ्या माणसावर मोजलेला. तुम्हाला हवी तिसरी पायरी, आणि जनावर गुडघ्याएवढं.

गणित सोपं आहे. पिक्सेलचा आकार भागिले भिंगाची फोकल लांबी. हल्ली बहुतेक सेन्सर १२ मायक्रॉनचे असतात. ३५ मिलिमीटर भिंग घेतलं तर १०० मीटरवर एक पिक्सेल साधारण ३.४ सेंटिमीटरचा, २०० मीटरवर ६.९ चा. कोयोटी खांद्यापर्यंत ५८ सेंटिमीटर धरू. म्हणजे २०० मीटरवर तो जेमतेम आठ पिक्सेल उंच. जनावर आहे एवढं कळेल, साखर आहे की नाही हे कळणार नाही. तेरा पिक्सेल हवेत तर १३० मीटरच्या आत यायला हवा. २५ च्या भिंगाने ९० मीटर, ५० च्या भिंगाने १८५.

यात २५६, ३८४, ६४० हे आकडे कुठेच आले नाहीत, लक्षात आलं का? बारकावा भिंगाने ठरतो. त्या आकड्यांनी (म्हणजे सेन्सरवर आडवे किती पिक्सेल) ठरतं ते किती रुंद दिसणार. ३५ च्या भिंगामागे ३८४ चा सेन्सर असेल तर १०० मीटरवर १३ मीटर रुंदीचं दिसतं, ६४० चा असेल तर २२ मीटर. डिजिटल झूमला भुलू नका. दुप्पट झूम म्हणजे तेच पिक्सेल ताणलेले, पोस्टाच्या तिकिटाचा बॅनर केल्यासारखे.

दुधखुळा

दंडवत. भौतिकशास्त्र असं शिकवलं असतं तर आज मी इथे टाइमपास करत नसतो, तुमच्यासारखा कामाच्या वेळेत टाइमपास करत असतो.

एल्गिनचा_शेळीवाला

थंडगरम, हे प्रिंट काढून दुकानदाराला देणार. दोन प्रश्न. मिलिकेल्विन काय भानगड आहे? आणि ५० चं भिंगच का घेऊ नये मग?

थंडगरम

मिलिकेल्विन म्हणजे तापमानातला किती बारीक फरक कॅमेऱ्याला कळतो. आकडा जितका लहान तितकं चांगलं. कोरड्या थंडीच्या रात्री ४० चालून जातं. पण तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीही जमीन, दगड, झाडाचे बुंधे तापलेले असतात आणि हवेत दमटपणा. तिथे जनावर आणि पार्श्वभूमी यात फरक राहत नाही, सगळं करड्या रंगाचं पिठलं दिसतं. तिथे २५ च्या खालचं हवं. संध्याकाळी आणि पहाटे एक वेळ अशी येते की सगळं एकाच तापमानाचं होतं. तेव्हा महागडा कॅमेराही चाचपडतो.

५० चं भिंग का नको? ३८४ सोबत ते लावलं तर १०० मीटरवर फक्त नऊ मीटर दिसेल. नळीतून बघितल्यासारखं. ओढ्याकाठचं जनावर शोधेपर्यंत ते करडू घेऊन गेलेलं असेल. शिवाय भिंग जर्मेनियमचं असतं, काचेचं नाही, त्यामुळे मोठं भिंग म्हणजे मोठी किंमत.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), साध्या काचेतून ही उष्णता आरपार जात नाही. खिडकी बंद करून बघितलंत तर स्वतःचंच अंधुक प्रतिबिंब दिसेल.

उगाच_आपलं

म्हणजे पहिल्या रात्री शेळीवाले ट्रकमध्ये एसी लावून, काच बंद करून बसणार आणि स्वतःवरच नेम धरणार.

किवीकाकू | मंगळवार

न्यूझीलंडहून. आमचं वायकाटोत डेअरी फार्म आहे. इथे शिकार हा वादाचा विषयच नाही. पोसम, स्टोट, उंदीर हे सगळे बाहेरून आलेले, पक्ष्यांच्या मुळावर उठलेले. २०१६ मध्ये सरकारने २०५० पर्यंत त्यांचा नायनाट करायचं जाहीरच केलंय. पोसममुळे गाईंना क्षय होतो, त्यामुळे आमचे हे आठवड्यातून दोन रात्री बाहेर असतात. कापूस वेचणाऱ्या घराण्यातला माणूस पोसम वेचतोय असं सासूबाई म्हणायच्या.

शेळीवाले, मला पिक्सेल कळत नाहीत, अनुभव सांगते. आधी हातात धरायची थर्मल दुर्बीण घ्या, बंदुकीवरची नंतर. बंदुकीवर एकच थर्मल असलं की शोधायलाही बंदूकच फिरवावी लागते. म्हणजे शेजाऱ्याचं घर, त्याची गाडी, तुमची बायको, सगळ्यांवर नळी रोखून तुम्ही 'हे काय आहे बरं' करत बसणार. आमच्याकडे या एका कारणावरून भांडण झालं होतं आणि ते मी जिंकले.

हातातली हलकी असते, तासन् तास बघता येतं. शेळ्या व्यायल्या की रात्री गवतात पडलेलं करडू शोधायलाही हीच. आमचं एक वासरू चिखलात रुतलं होतं, अंधारात फक्त कान दिसले.

डेंटनकर

किवीकाकूंना शंभर टक्के अनुमोदन, आणि आता माझी कबुली.

तीन वर्षांपूर्वी मी बंदुकीवरचं स्वस्तातलं थर्मल घेतलं, २५६ चं, छोट्या भिंगाचं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांची चूक नव्हती. जानेवारीतली रात्र, कडाक्याची थंडी. कुंपणाच्या कडेने एक जनावर येताना दिसलं. डोकं लखलखीत, चार पाय लखलखीत, मधे धड जवळजवळ नाहीच. बारीक अंगाचं, दुडक्या चालीचं. मनात म्हटलं, कोयोटी. सेफ्टी काढली. आणि ते जनावर खाली बसलं आणि मागच्या पायाने कान खाजवायला लागलं. कोयोटीही खाजवतो म्हणा, पण ते बसणं मला ओळखीचं वाटलं. बोट काढलं, टॉर्च मारला. शेजाऱ्याचा पिरेनीज. पन्नास किलोचा पांढराशुभ्र अस्वलासारखा कुत्रा, माझ्या पडद्यावर लुकडा कोल्हा झाला होता.

त्यानंतर दोन महिने मी बंदूक बाहेर काढली नाही. शेजाऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तो मराठी वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

थंडगरम

हे अगदी असंच होणार. पिरेनीजची लोकर इतकी दाट असते की अंगाची उष्णता बाहेरच येत नाही. थर्मलला पृष्ठभागाचं तापमान दिसतं, आतल्या जनावराचं नाही. तोंड, कान, पाय, जिथे केस कमी तेवढंच उजळ. थंडीतला कोयोटीही असाच दिसतो. शेळीवाले, तुमच्या साखरेसाठी हा परिच्छेद दोनदा वाचा.

रानफूल

आणि हे लोक मला म्हणतात मी भावनिक आहे. डेंटनकर, लिहिलंत हे चांगलं केलंत, मनापासून.

रॅलेचा_राघू

यापेक्षा मोठं उदाहरण आमच्या नॉर्थ कॅरोलायनात आहे. इथे पूर्वेच्या टोकाला लाल लांडगे आहेत, जगात मोकळे फक्त इथेच, आणि तेही बोटांवर मोजण्याइतके. दिसायला कोयोटीसारखे, थोडे मोठे. कोयोटी समजून लोकांनी लांडगे मारले. कोर्टात प्रकरण गेलं आणि त्या पाच काउंट्यांमध्ये रात्री कोयोटी मारायला बंदी आली. बाकी राज्यात चालतं. म्हणून टेक्सासचं ऐकून दुसऱ्या राज्यातल्यांनी काही करू नये. कुठे रात्रीची शिकार चालत नाही, कुठे चालते पण अशी दुर्बीण चालत नाही. फोन उचलून गेम वॉर्डनला (शिकारीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारावं, ते लोक नीट बोलतात.

अण्णा_बांदेकर

डेंटनकरांचं वाचून आजोबा आठवले. १९७२ च्या आधीची गोष्ट. बांद्याजवळ आमची काजूची बाग आणि भातशेती. डुकरं भात लोळवायची. आजोबांकडे ठासणीची बंदूक, कपाळाला कार्बाइडचा दिवा बांधलेला. दिव्याच्या झोतात डोळे चमकले की कुणाचे ते म्हणे त्यांना कळायचं. पण डुकराचे डोळे चमकतच नाहीत, बाकी जनावरांच्या डोळ्यांत मागे जो आरशासारखा पडदा असतो तो डुकराला नसतो. त्यामुळे डुक्कर म्हणजे काळ्या रात्रीतला काळा धोंडा.

एके रात्री असाच धोंडा हलला, आजोबांनी बार काढला. पाठून गडी धावत गेला आणि तिथूनच ओरडला, "मेल्यांनू, ह्यां डुकर न्हय, बाबल्याचां रेडकू!" रेडकाचे पैसे दिले, वर बाबल्याच्या घरी जाऊन आजी रडून आली. पुढची कित्येक वर्षं आमच्या घराला गावात 'रेडकूवाले' म्हणायचे.

थंडगरमांचे तेरा पिक्सेल तेव्हा असते तर आमचं आडनाव शाबूत राहिलं असतं.

दुधखुळा

रेडकूवाले. आयडी बदला अण्णा.

मळ्यातला | बुधवार, रात्री १.३५

जुन्नर तालुका. आत्ता दारं धरून (पिकाला पाणी देऊन) आलो, म्हणून जागा आहे. आम्हाला शेतीची लाईट रात्रीची मिळते, आणि बिबट्याही रात्रीचाच. उसातच जन्मतात, ऊसतोडीला फडात बछडी सापडतात. आमच्या वस्तीवरचे दोन कुत्रे आणि एक शेळी गेली यंदा.

शेळीवाल्यांचा धागा वाचताना हसावं की रडावं कळेना. तुम्ही कुठली दुर्बीण घेऊ विचारताय. आमच्याकडे जनावर शेड्यूल एकमधलं, म्हणजे कायद्याचं सगळ्यात कडक संरक्षण असलेलं. बंदूक सोडा, दगड मारला तरी भीती. वनखातं थर्मल ड्रोन आणतं, पिंजरा लावतं, सापडला तर माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेतं.

पण थर्मलचं एक सांगतो, डोळ्यांनी पाहिलंय. उभ्या उसात ड्रोनला काही दिसत नाही. वरून पानांचं छत. बिबट्या फडातून बांधावर आला तरच पडद्यावर ठिपका येतो. उसाच्या आत काय आहे ते देवाला आणि बिबट्याला ठाऊक.

थंडगरम

बरोबर. थर्मल आरपार बघत नाही, हा सिनेमाने पसरवलेला गैरसमज आहे. पान मधे आलं की पानाचं तापमान दिसतं. बारीक काडी किंवा कुंपणाची तार तर थर्मलमध्ये दिसतही नाही, आणि गोळी नेमकी तिला लागून भरकटते. डिजिटल नाइट व्हिजनमध्ये तार दिसते. मात्र त्यात धुकं आणि समोरचं उंच गवत टॉर्चच्या प्रकाशाने पांढरंफटक होतं. प्रत्येकाचं आंधळेपण वेगळं.

रानफूल

मळ्यातला, तुमचं दुःख खरं आहे. पण अकोले भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा भटक्या-पाळीव कुत्र्यांचा निघाला होता. म्हणजे तो उसात राहतो आणि वस्तीवर जेवतो, हे नवं नाही. गोठा बंदिस्त आणि कचरा-कुत्री कमी, हाच उपाय टिकतो.

मळ्यातला

ताई, गोठा बंदिस्त केला. मी बंदिस्त कसा होऊ? दारं कोण धरणार? दिवसा लाईट द्या, निम्मा प्रश्न मिटला. ते तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

एक विचारायचं राहिलं. शेळीवाले भारतात येताना ती हातातली थर्मल आणू शकतील का? पैसे देतो. शिकार नको, फक्त पाण्याची मोटार चालू करायला जाताना बांधावर कोण बसलंय एवढं दिसलं तरी पुरे.

डेंटनकर

शेळीवाल्यांनी हे अजिबात करू नये. नाइट व्हिजन आणि थर्मल उपकरणांवर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध आहेत. नळीचं बरंचसं नाइट व्हिजन आणि बंदुकीवरचं थर्मल तर लष्करी सामानात मोडतं, परवान्याशिवाय बॅगेत टाकून नेणं म्हणजे केंद्रीय गुन्हा. २००७ मध्ये आयटीटी या बड्या कंपनीला नाइट व्हिजनचं तंत्रज्ञान बाहेर दिल्याबद्दल १० कोटी डॉलरचा दंड झाला होता. तिथे आपली काय कथा.

थंडगरम

मळ्यातला, तुम्हाला आयात करायची गरजच नाही. फोनला लावायचे छोटे थर्मल कॅमेरे भारतात उघड मिळतात, इलेक्ट्रिशियन वापरतात. त्यातले पुष्कळसे सेकंदाला नऊच चित्रं दाखवतात, तेही याच निर्यात-नियमांमुळे. पळत्या जनावरावर नेम धरायला निरुपयोगी, पण बांधावर बसलेला बिबट्या तीस-चाळीस मीटरवरून ठिपका म्हणून कळेल. मोघम सांगत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझा जुना पडून आहे. वापरून बघा, मग ठरवा.

कुंपणावरचा

इतक्या वर्षांत या संस्थळावर प्रथमच व्यनिचा चांगला उपयोग बघितला.

अण्णा_बांदेकर

रच्याकने, २०१८ मध्ये यवतमाळकडे अवनी वाघिणीच्या शोधातही थर्मल ड्रोन होते ना? हत्ती होते, एका विलायती अत्तराचा वासही लावला होता. आणि शेवटी...

रानफूल

अण्णा, तो विषय इथे नको. त्यावर वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसाद आहेत, तिथे मी पुरेशी भांडले आहे.

कुंपणावरचा

शेळीवाले कुठे गेले? धागाकर्ताच कोयोटीने नेला की काय?

एल्गिनचा_शेळीवाला | पाच आठवड्यांनी

आहे, आहे. करडं सांभाळत होतो. वचन दिल्याप्रमाणे काय घेतलं ते लिहितो.

हातातलं थर्मल घेतलं, ३८४ चं, ३५ च्या भिंगाचं, २५ मिलिकेल्विनच्या खालचं. बाराशेच्या आसपास पडलं. रायफलवर थर्मल लावलंच नाही. तिथे डिजिटल नाइट व्हिजन, पाचशेच्या आत. डेंटनकरांचा पिरेनीज आणि थंडगरमांची लोकर वाचून ठरवलं की शोधायला थर्मल आणि ओळखायला डोळ्यांना दिसतं तसं चित्र. साखरेच्या गळ्यात चमकणाऱ्या पट्टीचा पट्टा घातला. थर्मलमध्ये तो दिसत नाही, पण इन्फ्रारेड टॉर्चमध्ये ट्यूबलाइटसारखा पेटतो. आता चूक होणं अवघड आहे. शिवाय ज्या रात्री बंदूक बाहेर, त्या रात्री साखर गोठ्यात.

पहिल्या चार रात्री नुसता छपरावर बसून हातातल्यातून बघितलं. बंदूक घरातच. खरं सांगतो, या चार रात्रींतच बाराशे वसूल झाले. कोयोटी झुडपांतून येत नव्हतेच. ओढा कुंपणाखालून जातो तिथे पाण्याने माती खचून हातभर भगदाड पडलं होतं. रोज रात्री दोन ते तीनच्या मधे, दोघं, एकामागून एक, चाळीतला नळ सुटल्यासारखे वेळेवर. दिवसा मी त्या जागेवरून शंभरदा गेलो असेन.

भगदाडाला जाळी आणि दगड घातले. एक जण आत अडकलेला होता की वरून उडी मारून आला कळलं नाही, पण सातव्या रात्री करडांच्या वाड्याजवळ होता. ऐंशी यार्ड, मागे मातीचा चढ. थर्मलवर बघितलं, मग दुर्बिणीतून, पट्टा नाही, शेपूट खाली, निमुळतं तोंड. मारला. रानफूल, त्याबद्दल आनंद वगैरे काही झाला नाही, हेही नोंदवतो. दुसरा पुन्हा आलेला नाही. नवं करडूही गेलेलं नाही.

दुसरी कुत्री मिळाली, चौदा महिन्यांची, आधीच्या मालकाकडे शेळ्यांतच वाढलेली. नाव पोरांनी ठेवलं, गूळ.

सूचना एकच. हातातलं यंत्र अधूनमधून टक् आवाज करून अर्धा सेकंद चित्र गोठवतं. पहिल्यांदा वाटलं बिघडलं.

थंडगरम

बिघडलेलं नाही. आत झडप पडून सेन्सर स्वतःला सारखा करून घेतो. मेनूत ते हाताने करायचा पर्याय असतो. तो लावा, आणि हवं तेव्हा झाकण लावून बटण दाबा. आवाज होत नाही.

किवीकाकू

बघा, हातातलंच आधी. मी म्हटलं होतं.

रानफूल

भगदाड बुजवल्याबद्दल अभिनंदन. बाकीच्याबद्दल गप्प बसते. गुळाचा फोटो टाका.

मळ्यातला

थंडगरम साहेबांचा कॅमेरा पोचला. परवा मोटारीकडे जाताना आंब्याखाली ठिपका दिसला, पाऊण तास घरातच थांबलो. नंतर कळलं शेजारच्यांची म्हैस सुटली होती. पण पाऊण तास थांबलो याचं वाईट वाटलं नाही.

अण्णा_बांदेकर

रेडकूवाल्यांच्या वतीने स्वागत.

उगाच_आपलं

बाराशे अधिक पाचशे म्हणजे सतराशे. मंजुरी पंधराशेची.

एल्गिनचा_शेळीवाला

वरचे दोनशे डॉलर शेळ्यांच्या जंताच्या औषधात दाखवलेत. हा धागा घरी कुणी वाचत नाही.

नवा_गडी | चार महिन्यांनी

नमस्कार, ऑस्टिनला नुकताच आलोय. पूर्ण धागा वाचलेला नाही. बोअर बोकड साधारण कितीला पडतो? गटारीला दोन हवे होते.